भुशाखालचा डाग

बिदर
९ डिसेंबर २०२४

बसलिंगमामांना शैलूचे शरणु शरणार्थी.

मामा, तुमाला कानानं ऐकू येत न्हाई आन तुमी फोन बी ठेवत न्हाई, म्हणून आजच्या काळात मला कागद-पेन घेऊन बसावं लागतंय. चिन्नी विचारती, "आई, तुझी परीक्षा हाय का?" तुमच्या डेपोतले किशनराव कंडक्टर देवमाणूस म्हणायचे. अजून कलबुर्गीच्या गाडीतून आपली पत्रं नेतात-आणतात, समोरच्या बेकरीत ठेवून जातात. एक चहा बी घेत न्हाईत.

आता कामाचं. तुमी खाणीवर उभं राहून एकेक बघून दिलेली शहाबादी फरशी गेटपासून दारापर्यंत बसली. गवंडी बी म्हणला, असा दगड हल्ली मिळत न्हाई. आन त्या फरशीवर, मामा, रोज सकाळी पापडाएवढा तेलाचा डाग! आमच्या यांनी कोळारला कारखान्यात यांच्यासोबत काम करणाऱ्या एका मित्राकडून जुनी गाडी घेतली न्हवं का, तिची करणी.

तुमी म्हणाल, जावईबापूंना सांग की. कसं सांगू? घर बांधताना आमचं भांडण झालेलं तुमाला ठाऊक हाय. मला फरशी पायजे होती, यांना गाडी. शेवटी दोन्ही आलं आन करार झाला: तुझी फरशी, माझी गाडी, कुणी कुणाच्या वस्तूला नाव ठेवायचं न्हाई. आता मी गाडीच्या तेलाचा विषय काढला की हे आठ दिवस तोंड फुगवून बसतील. म्हणून मी गुपचूप पुसायलेय. साबणानं निघत न्हाई. ५ जानेवारीला मठाचे अय्या येणारेत, पादपूजा त्याच फरशीवर. तेलकट डागावर अय्यांचे पाय ठेवू का मी?

लवकर उपाय कळवा. डोळ्याचं ऑपरेशन कधी हाय तेही कळवा.

तुमची भाची,
शैलू


कलबुर्गी
१२ डिसेंबर

चि. शैलूस बसलिंगप्पाचा आशीर्वाद.

शहाबादी म्हणजे चुन्याच्या जातीचा दगड. तेल पितो. म्हणून पाणी ओतू नको, पाण्यानं डाग पसरतो. आन कुणी अॅसिड टाक म्हणलं तर त्याला गेटाबाहेर काढ. अॅसिडनं ही फरशी जळती, मग रडायची पाळी.

लाकडाच्या अड्ड्यावरून कोरडा भुसा आण. डागावर टाकायचा, चपलेनं दाबून चोळायचा, तासाभरानं झाडायचं. राहिलेल्या डागाला खडूची पूड आन धुण्याची पावडर कालवून लेप लाव, वर प्लास्टिक टाक, दुसऱ्या दिवशी खरवड. रोजचा ताप नको असंल तर एका जुन्या परातीत भुसा भरून गाडीखाली ठेव. डेपोत आमी हेच करायचो. चाळीस वर्षं भुसाच टाकला.

तेल कुठून गळतंय, रंग कसा हाय, किती गळतंय, एवढं बघून लिही. आन अमावस्येला चाकापाशी लिंबू बांधायला विसरू नको.

ऑपरेशन २४ ला हाय. शेजारच्या सुधारानी टीचर सोबत येणारेत. फिकर करू नको.

बसलिंगप्पा


बिदर
१८ डिसेंबर

मामा, शरणु.

जिंकलं की हो! तुमच्या भुशानं जादू केली. डाग गेला म्हणजे इतका गेला की मलाच जागा सापडंना. आता माझा रोजचा कार्यक्रम ऐका. हे संध्याकाळी आले, गाडी लावली, हातपाय धुवायला आत गेले की मी परात सरकवते. सकाळी हे अंघोळीला गेले की काढून घेते, भुसा उकिरड्यावर टाकते आन परात चिंचेच्या झाडामागं लपवते. पंधरा वर्षं संसार केलेली बाई, आन चोरी करायलेय परातीची! सासूबाईंनी एकदा बघितलं. "कामून गं गाडीला भुसा चारायलीस?" म्हणाल्या. मी म्हणलं, मांजर बसतंय खाली.

लिंबाचं यांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला. म्हणले, "तुझे मामा आपल्यातले असून असे कसे? बसवण्णांच्या शरणांना कुठला दिवस आन कुठला वार? यंत्राला काय कळती अमावस्या?" तुमाला राग येऊ देऊ नका. मला बी हसूच आलं. लहानपणी बघितलेलं आठवतंय मला, दर अमावस्येला तुमी लिंबं घेऊन एकेका बसखाली शिरायचा, अन् कपडे काळे करून यायचा. आई ओरडायची.

यंदा वेळ अमावस्या ३० तारखेला. कमठाण्याच्या शेतात पूजेला आन जेवायला जायचं हाय, पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत! भज्जी, अंबिल, उंडे, सगळं. सासूबाईंनी गावभर सांगून ठेवलंय. तुमचा डोळा बरा असता तर तुमाला बी बोलावलं असतं.

शैलू


कलबुर्गी
२१ डिसेंबर

शैलू,

मी तीन गोष्टी विचारल्या होत्या, तू एकीचं बी उत्तर दिलं न्हाई. भुशाचं कौतुक पुरे.

इंजिनचं तेल असलं तर काळं असतंय आन गाडीच्या पुढच्या अंगाला पडतंय. तसं असंल तर घाई न्हाई. पण मला नीट कळू दे. एक दिवस परात ठेवू नको. कोरा पुठ्ठा ठेव. सकाळी बघ डाग कुठल्या चाकाच्या अंगाला हाय, रंग काय, बोटाला कसं लागतंय. लगेच लिही. उगीच झोप लागंना झालीय.

बसलिंगप्पा


बिदर
२६ डिसेंबर

मामा, शरणु.

ऑपरेशन बरं झालं ना? किशनरावांकडून निरोप मिळाला, पट्टी हाय म्हणून. माझं पत्र सुधारानी टीचरकडून वाचून घ्या, डोळा ताणू नका.

तुमची परीक्षा दिली बघा. पुठ्ठा ठेवला. डाग पुढं न्हाई, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला. काळा न्हाई मुळीच, पातळ चहाच्या पाण्यासारखा. बोटाला निसरडं लागतंय. आन एक गंमत, त्या परातीला मी गेल्या साली आतून निळा रंग दिला होता, तो पापुद्रे धरून सुटलाय. कसलं तेल हाय कुणास ठाऊक.

पण आता काळजी मिटली. पयले वाटीभर गळायचं, परवापासून थेंब-दोन थेंबच हैत. आपोआप बंद व्हायलंय बहुतेक. मीच उगीच तुमाला त्रास दिला. गाडी पण आता रुळलीय म्हणायलेत हे, फक्त ब्रेक जरा नरम लागतोय, दोनदा दाबावा लागतोय. जुन्या गाडीला तेवढं चालायचंच.

उद्यापासून भज्जीच्या भाज्या निवडायला बसायचंय. चिन्नी रोज उठून विचारती, अमावस्या आज हाय का?

शैलू


कलबुर्गी
२९ डिसेंबर, रविवार

शैलू,

गाडी हलवू नको. आधी हे कर, मग पुढं वाच. चावी काढून तुझ्या पदराला बांध.

ते ब्रेकचं तेल हाय. मागच्या चाकाच्या आतून गळणारं, निसरडं, रंग खाणारं दुसरं काहीच नसतंय. आन कमी झालं म्हणून तू खूश झालीस. पोरी, गळायला आता उरलंच न्हाई म्हणून कमी झालंय.

किशनराव दोन दिवस रजेवर होता. तुझं पत्र आज दुपारी हातात पडलं. माझ्या वहीत फक्त तुझ्या सासूबाईंचा, बसव्वाबाईंचा नंबर. सुधारानी टीचरनं लावला. मी पाटीवर लिहून दिलं, "उद्या गाडी काढू नका म्हणावं." तिकडून बसव्वाबाईंनी विचारलं, कामून? टीचर मला पाटीवर लिहून विचारायच्या आत त्याच म्हणल्या, "हां, अमावस्या न्हवं का," आन हसल्या आन फोन ठेवला. टीचरनं मला "सांगितलं" एवढंच लिहून दाखवलं. मी निवांत झालो. घटकाभरानं सहज विचारलं, काय म्हणले? तर टीचरनं सगळं लिहून दाखवलं, शेवटी "हसल्या." तेव्हा कळलं, निरोप पोचलाच न्हाई. परत लावला तर बंद. पाच वेळा लावला. बंद.

मला प्रवास करू देत न्हाईत, डोळ्यातून पाणी येतंय. एका डोळ्यानं लिहायलोय, ओळी वाकड्या जात असतील. किशनराव पहाटेच्या पहिल्या गाडीवर हाय. बेकरीत ठेवू नको, शैलूच्या हातात दे, असं त्याला हात जोडून सांगणारंय.

तुमी समजाल, म्हातारा अमावस्येला भ्यालाय. माझा अमावस्येवर कधीच विश्वास नव्हता. लिंबू हे निमित्त होतं. गाडीखाली वाकायला माणसाला निमित्त लागतंय. नुसतं "जरा बघतो" म्हणलं की ड्रायव्हर म्हणायचे, उशीर होतोय, सोड. लिंबू बांधतो म्हणलं की थांबायचे. मग मी खाली शिरून चारी चाकांना हात लावून ओलं हाय का बघायचो. ही अक्कल मला पयल्यापासून नव्हती. ती कशी आली ते आता लिहितो, कारण त्याशिवाय तू माझं ऐकणार न्हाईस.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मोठे साहेब डेपो तपासायला येणार होते. फरशी कोरडी पायजे असा हुकूम. सिद्धलिंगप्पा दाजींच्या, तुझ्या अप्पांच्या गाडीखाली मला ओलं दिसलं. मागच्या चाकापाशी. मी वाकलो न्हाई. पाटीभर भुसा टाकला, पायानं दाबला, झाडून काढला. फरशी लख्ख. साहेब म्हणले, छान. दाजी मला हात करून गाडी घेऊन गेले. हुमनाबादच्या उतारावर काय झालं ते तुला ठाऊक हाय. कागदावर टायर फुटलं असं आलं. टायर फुटलं नव्हतं. भुसा मी टाकला होता.

नागव्वा अक्काला, तुझ्या आईला, ती मरेपर्यंत मी सांगितलं न्हाई. तिच्या हातचं जेवलो. तू नऊ वर्षांची होतीस, माझ्या मांडीवर झोपायचीस. सत्तावीस वर्षं मी हे तोंडातून काढलं न्हाई, आन आता तुला परत भुसाच टाकायला शिकवला. बारा तारखेला हात कसा झडला न्हाई माझा.

मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आज गाडी अडव.

बसलिंगप्पा


बिदर
३० डिसेंबर, सकाळी १०.२०

मामा,

गाडी गेली.

मी कुणाशी बोलू? म्हणून लिहायलेय. काल सासूबाईंनी निरोप सांगितला तर हे म्हणले, "असं व्हय? मग मुद्दाम काढतो. आज अख्खा तालुका गाड्या घेऊन शेतात जायलाय आन मामा आपल्याला घरात बसवणार!" सगळे हसलो. मी बी हसले. मी बी!

सव्वानऊला निघाले. हे, सासूबाई, लिंगम्मा चुलती, चिन्नी. मागं भज्जीचं पातेलं, मांडीवर अंबिलाचं मडकं. माझ्यापुरती जागा नव्हती, दुसऱ्या खेपेला तुला नेतो म्हणले. चिन्नीनं काचेतून हात केला. आन मी काय केलं माहीत हाय? गाडी गेटाबाहेर पडल्यावर खाली बघितलं, फरशी स्वच्छ हाय का म्हणून. स्वच्छ होती. मला बरं वाटलं.

नऊ चाळीसला किशनराव पळत आले.

यांना सव्वीस वेळा फोन केला. वाजतोय, उचलत न्हाईत. सासूबाईंचा बंद. शेतात रेंज नसती. रस्त्यावर आले तर एक ऑटो न्हाई, एक माणूस न्हाई. बेकरीला कुलूप. वेळ अमावस्येला सगळं बिदर शेतात जातंय. गेटापासून चौकापर्यंत दोनदा पळून आले. किशनराव म्हणले, बाई तुमी फोनपाशी बसा, मी कुणाची तरी मोटारसायकल बघतो. त्यांना जाऊन वीस मिनिटं झाली.

कमठाण्याच्या आधी उतार हाय मामा. खाली पूल. यांना तिथं गाडी सोडायला आवडती, चिन्नी ओरडती म्हणून.

अप्पाचं वाचलं मी. आता मला त्यातलं काही कळंना झालंय. फक्त एकच कळायलंय, रोज सकाळी माझ्या हातात परात होती. वाटीवाटीनं गळत होतं ते मी भुशात मुरवून उकिरड्यावर टाकत होते. यांना एकदा जरी डाग दिसला असता तर यांनी विचारलं असतं. मी दिसू दिला न्हाई. हे बसवण्णा, माझी फरशी फोड, उखडून टाक, पण चिन्नीला

फोन वाजायलाय. अनोळखी नंबर हाय.


बिदर
२ जानेवारी २०२५

मामा,

सगळे जिते हैत एवढं मी सुधारानी टीचरला त्याच दुपारी कळवलं. त्यांनी पाटीवर लिहिलेलं तुमी हातानं पुसून परत लिहायला लावलं म्हणे. म्हणून परत लिहिते. सगळे जिते हैत.

उताराला लागल्यावर यांनी ब्रेक दाबला, पाय खालपर्यंत गेला. दुसऱ्यांदा दाबला, तसाच. पुढं पुलावर बैलगाडी, तिच्यात बायका-लेकरं. यांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला आन गाडी डावीकडं तुरीत घातली. तुरीतून बांधावर, बांधावरून बाभळीला. सासूबाईंचं मनगट मोडलं, प्लास्टर हाय. चिन्नीच्या कपाळाला तीन टाके. लिंगम्मा चुलती अंबिलानं न्हाली, बाकी काही न्हाई. शेतातली माणसं पळत आली. यांचा फोन गाडीत कुठं पडला ते सापडंना, म्हणून त्यातल्याच एकाच्या फोनवरून यांनी मला फोन केला. "शैले, गाडी बाभळीला धडकली" म्हणले. मागं चिन्नी रडत होती. पोर रडतंय म्हणून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

घरी आल्यावर मी परात आणून यांच्यापुढं ठेवली आन सगळं सांगितलं. वाटलं, हात उगारतील. परातीतल्या सुटलेल्या रंगावर बोट फिरवलं. मग म्हणले, "ब्रेक नरम झालाय हे मला पंधरा दिवसांपासून कळत होतं. दाखवायला नेलं तर तू म्हणशील, बघा, भंगार आणलं. म्हणून नेली न्हाई." घ्या आता. हे असले आमी दोघं.

तुमचं पत्र मी यांना वाचायला दिलं. माझ्या तोंडानं वाचवेना.

मामा, खोटं लिहीत न्हाई, मी तुमच्यावर रागावलेय. तीन दिवस पत्र उघडते, वाचते, घडी घालते. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी तुमी होता. ती शेवटपर्यंत टायरच्या कंपनीला शिव्या देत गेली. तिला तरी सांगायचं होतं हो. माफ केलं असं मी लिहिणार न्हाई. पण तुमी साहेबांसाठी भुसा टाकला, मी अय्यांसाठी टाकला. माझं लेकरू वाचलं आन तुमचे दाजी वाचले न्हाईत, एवढाच फरक. मी कुठल्या तोंडानं तुमाला बोलू? आन न बोलता बी राहवत न्हाई. म्हणून तुमीच या. समोर बसा. मला ओरडायचंय, पाटीवर लिहून ओरडता येत न्हाई, तरी ओरडते.

५ तारखेला पादपूजा हाय. किशनरावांच्या गाडीत खिडकीची जागा धरून ठेवायला सांगितलीय. डॉक्टरला विचारून डोळ्यावर काळा चष्मा लावून या. त्या सकाळचे शेवटचे दोन थेंब, गाडी निघतानाचे, मला दिसले नव्हते, गेटाच्या कडेला पडलेत. फरशीनं पिऊन टाकले. मी त्याच्यावर भुसा टाकला न्हाई, टाकणार बी न्हाई. अय्यांना सांगितलं, ते म्हणले, राहू दे, मी त्याच्या बाजूनं येतो.

खाली हे दोन ओळी लिहितो म्हणून कागद ओढायलेत.

शैलू

मामांना अमरनाथचे शरणु.

गाडी अजून गॅरेजात हाय, कारखान्याच्या बसनं कोळारला जायलोय. आज सकाळी बस थांबल्यावर रस्त्यावर गुडघे टेकून खाली वाकलो, चारी चाकांना हात लावून बघितलं. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय हरवलं व्हय हो, उशीर व्हायलाय!"

मी म्हणलो, थांब जरा, लिंबू बांधायलोय.